दोवच्या टीव्हीचा आवाज

आमच्या घरात टीव्हीवर काय बघायचं ते शुक्रवारी दिवे लावायच्या आत ठरवावं लागतं. एकदा शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, लागला की बटणाला हात लावायचा नाही. म्हणून सॉकेटवर एक घड्याळ बसवलेलं आहे. शुक्रवारी त्याची चकती फिरवून ठेवली की शनिवारी ठरल्या वेळी टीव्ही आपोआप लागतो आणि ठरल्या वेळी आपोआप बंद होतो. मधे आवाज वाढवता येत नाही, चॅनेल बदलता येत नाही. जे लावलं असेल ते निमूट बघायचं.

त्यामुळे शुक्रवारी सकाळी आमच्याकडे भांडण ठरलेलं. आमचे हे, म्हणजे मेनाशे, सिनेगॉगमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. ह्यांचं म्हणणं, टीव्ही मुळात नकोच, आणि असलाच तर बातम्या. खालच्या मजल्यावरची एदना टीव्ही बघायला आमच्याकडे येते, तिला हिंदी पिक्चर हवा. ती आणि मी इथल्या, येरुहामच्या फॅक्टरीत जन्मभर एका टेबलावर काम केलं, पण पिक्चरच्या बाबतीत आमचं कधी जमलं नाही. मला अर्जेंटिनाची मालिका आवडते. भाषा त्यांची, खाली अक्षरं हिब्रू, तरी सगळं समजतं. त्यातली सासू बोलली की सगळे गप्प बसतात, एवढी एकच गोष्ट बघण्यासारखी आहे असं मी ह्यांना तोंडावर सांगते.

"बातम्या बघितल्या की माणसाला जगात काय चाललंय ते कळतं," हे म्हणतात.

"कळून तुम्ही काय केलंत आजवर?" मी विचारते. मग हे चष्मा पुसायला घेतात.

आमच्या वर दोव राहायचा. सहा-सात वर्षांपूर्वी रशियाकडून आलेला, एकटा, उंच, खांद्यात वाकलेला. ह्या माणसाचा टीव्ही सकाळपासून झोपेपर्यंत चालू, आणि त्यावर फक्त बातम्या. रशियन झाल्या की हिब्रू, हिब्रू झाल्या की अरबी. हिब्रू त्याला भाजी घेण्यापुरतं येत होतं, अरबीचा तर प्रश्नच नव्हता. एदना म्हणायची, "ह्याला समजत नाय काय, मग बगतो तरी काय गो?" आम्ही पोट धरून हसायचो. पण शब्बाथच्या दिवशीही तो आवाज छतातून गळत राहायचा. शेवटी एके दिवशी मी वर गेले आणि सांगितलं, तुझ्यामुळे अख्ख्या इमारतीचा शब्बाथ बाटतो. दोन दिवसांनी बेरशेबाच्या बसमधून उतरला तो हातात हेडफोनचा खोका घेऊन. त्यानंतर वरून कधी आवाज आला नाही, आणि ही कामगिरी मी चार जणींना रंगवून सांगितली.

आता नवसाचं. माझा मुलगा यिशाय लोदला राहतो, विमानतळावर कामाला आहे. त्याचा थोरला दोर, माझा पहिला नातू, सैन्यात गेला आणि त्याला लेबनॉनमध्ये पाठवलं. त्या दिवशी मी आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोलले. पोरगा वर्दी उतरवून घरी येईपर्यंत ह्या घरात शब्बाथ मोडणार नाही, आणि आला की प्रसादाचा मलिदा करीन, सगळ्या इमारतीला बोलावीन. यिशायची बायको पाझित इथेच जन्मलेली. तिला मराठी समजतं, पण उत्तर हिब्रूत येतं. नवस ऐकून ती हसली. मग "बेसेदर, इम्मा," म्हणजे ठीक आहे, आई, असं म्हणाली. "तुझ्या घरात असेन तेव्हा मीही मोडणार नाही."

त्या उन्हाळ्यात यिशायला शनिवारची ड्यूटी लागली म्हणून पाझित एकटीच आमच्याकडे आली. दोर दर शुक्रवारी दुपारी फोन करायचा. त्या शुक्रवारी फोन आला नाही. लाइन मिळाली नसेल, झोपला असेल, असं सगळे एकमेकांना सांगत होते. पाझितने आल्या आल्या विचारलं, "उद्या घड्याळावर काय लावणार?"

"मालिका."

"बातम्या लाव."

"ती बरोबर बोलते," हे म्हणाले. इतक्या वर्षांत ह्यांना पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या बाजूचं मिळालं होतं.

मी मालिका लावली. तासाभराची मालिका, तासाभराचं घड्याळ. आजही मी म्हणेन की मी बरोबर केलं. बातम्या लावल्याने कोणाचं पोर घरी येत नाही.

शनिवारी जेवणं झाली, हे तेहिलीमची स्तोत्रं वाचायला सिनेगॉगमध्ये गेले. एदना खाऱ्या दाण्यांची वाटी घेऊन आली. ठरल्या वेळी टीव्ही लागला. पाझित सोफ्याच्या टोकाला बसली होती, तिचं लक्ष पडद्यावर नव्हतं. मालिकेतल्या सासूने चिठ्ठी फाडली, सून रडली, एदना म्हणाली, "असली रडकी बाई बगायला टाइम कशाला फुकट घालवायचा, त्यापेक्षा आपला पिक्चर काय वाईट?" मी तिला गप्प बस म्हणणार, तेवढ्यात पडद्यावरची सून गेली आणि तिच्या जागी बातम्या सांगणारा माणूस आला. टाय नीट नव्हता त्याचा. म्हणाला, लेबनॉनमध्ये आपल्या चौकीवर हल्ला झाला आहे, आपले सैनिक...

घड्याळातून टक आवाज झाला आणि टीव्ही बंद पडला.

काळ्या काचेत आम्ही तिघी दिसत होतो. मग पाझित उठली, सॉकेटपाशी गेली आणि तिने घड्याळाच्या चकतीवर बोटं ठेवली. नुसती अर्धी फिरवली असती की झालं असतं. मी जाऊन तिचं मनगट धरलं.

"सोड," ती हिब्रूत म्हणाली.

"नवस आहे."

"नवस तुझा आहे. मुलगा माझा आहे."

मी मनगट सोडलं नाही. पाझित माझ्यापेक्षा उंच आहे, ताकदीची आहे. मला ढकलून तिने टीव्ही लावला असता तर मी काय करणार होते? पण तिची बोटं चकतीवरच राहिली आणि चकती फिरली नाही. नवसाला हसलेली बाई ती. तरी तिच्या मनात आलंच असणार, की मी हे फिरवलं आणि मग समोर दोरचं नाव आलं, तर आयुष्यभर कोणाला दोष देऊ? तिने हात काढून घेतला आणि जमिनीवर बसली.

"अगो, वाईट काय असतं तर सांगायला माणसं येतात," एदना म्हणाली. "आदी घरच्यांना सांगतात, मग टीव्हीवर नाव. कोणी आलं नाय, म्हणजे आपलं नाय."

आमच्या देशात हे लहान पोरालाही माहीत असतं. वर्दीतली दोन-तीन माणसं आधी दारात येतात. दार वाजलं नाही की माणूस श्वास सोडतो.

"घरी येतात," पाझित म्हणाली. "माझं घर लोदला आहे. कुलूप लावून आले मी. यिशाय कामावर. ती माणसं आत्ता माझ्या बंद दारापुढे उभी असतील."

एदनाने दाण्यांची वाटी खाली ठेवली. सूर्य अजून डोक्यावर होता. उन्हाळ्यातला शब्बाथ मेला संपता संपत नाही, तारे दिसून तो सुटायला अजून कितीतरी वेळ होता. इतका वेळ आम्ही जिवंत राहणार नाही असं मला वाटलं.

तेव्हा मला वरचा मजला आठवला. मी कान देऊन ऐकलं. वर अगदी शांत होतं. मीच केलेली ती शांतता होती.

"चल," मी पाझितला म्हटलं. एदना म्हणाली, "मी हितंच बसते. कोणी आलं तर..." आणि तिने वाक्य तिथेच सोडलं.

दोवने दार उघडलं. हेडफोन गळ्यात, त्याची लांब वायर टीव्हीपर्यंत गेलेली. मला वाटतं, मी पुन्हा तक्रार घेऊनच आले असं तो समजला, कारण तो एक पाऊल मागे सरला. टीव्हीवर चित्र होतं, आवाज नव्हता. चित्रात लेबनॉनचा नकाशा होता. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर वर्दीतल्या एका पोराचा फोटो, टोपी तिरकी घातलेला.

आता पंचाईत अशी, की आवाज मोठा कर असं मला सांगता येईना. शब्बाथला ज्यूने ज्यूला असं सांगणं म्हणजे आपणच केल्यासारखं. तो काय करतो ते त्याच्यापाशी, पण माझ्या तोंडून निघालं तर ते माझं. शेवटी मी फक्त पाझितकडे बोट केलं आणि म्हटलं, "दोर. हिचा मुलगा. लेबनॉन."

दोवने पाझितच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग टीव्हीपाशी जाऊन त्याने वायर उपटली. खोलीभर आवाज झाला.

दोन सैनिक ठार, टीव्ही म्हणाला. घरच्यांना कळवण्यात आलं आहे. नावं थोड्या वेळात. घरच्यांना कळवलं, हे ऐकून त्या क्षणी देशातल्या हजारो आयांचा जीव भांड्यात पडला असेल. पण लोदचं दार बंद बघून त्यांनी यिशायलाच कामावर गाठून सांगितलं असेल तर? पाझितने पर्समधून लोदच्या घराची किल्ली काढली आणि मुठीत धरून बसली. दोवने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती प्यायली नाही.

जिन्यात बुटांचा आवाज आला. सावकाश वर येणारे, पुरुषाचे बूट. ते आमच्या मजल्यावर थांबले. एदनाचा आवाज, अगदी हळू. मग काहीच नाही. पाझितने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. बूट पुन्हा चढायला लागले आणि दोवच्या उघड्या दारात आले. आमचे हे होते. काखेत तेहिलीमचं पुस्तक, चेहरा पांढरा. शब्बाथला चालू असलेल्या टीव्हीपुढे ह्यांनी बायकोला आणि सुनेला बसलेलं बघितलं. आत येऊन माझ्या शेजारी बसले. दोवच्या घरात ह्यांनी पाऊल ठेवलं ते पहिल्यांदा.

मग नावं आली. आधी एक नाव, एक गाव. मग दुसरं नाव, दुसरं गाव. दोन कोवळी तोंडं. त्यांतलं एकही आमचं नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दोन घरांत अंधार झाला आणि मला उठून नाचावंसं वाटलं. पाझितच्या मुठीतून किल्ली पडली आणि ती मोठ्याने रडायला लागली. ह्यांनी मान खाली घालून मेलेल्यांसाठी म्हणतात ती ब्राखा म्हटली. ती माझ्या तोंडून काही निघाली नाही.

दोव टीव्हीपाशीच उभा होता. त्याने त्या फोटोवर एक बोट ठेवलं आणि त्याच्या मोडक्या हिब्रूत म्हणाला, "माझा मुलगा. अफगाणिस्तान."

रडता रडता पाझितने मान वर केली.

"तिकडे टीव्ही..." तो शब्द शोधत होता. "गहू. ट्रॅक्टर. नाच. मी रोज बघायचो. रोज सगळं छान. मग एक दिवस पेटी आली. पत्र्याची. टीव्हीवर गहू." त्याने खांदे उडवले. "आता मी सगळं बघतो."

इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला हसत होतो. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझ्याकडे हिब्रू होतं तेही कमी पडलं आणि मराठीचा त्याला उपयोग नव्हता. आम्ही जायला उठलो. दोवने दारापर्यंत सोडलं आणि वळून टीव्हीकडे गेला. खाली पडलेली वायर उचलली, हेडफोन उचलला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जणू सांगत होता, काळजी नको, करतो बंद आवाज.

मी परत आत गेले आणि त्याच्या हातातून तो हेडफोन काढून घेतला, वायरसकट. त्याला वाटलं मी काहीतरी चुकून करते आहे. "राहू दे," मी म्हटलं. "आवाज राहू दे."

नवस माझ्या घराचा होता, वरचं घर त्याचं होतं, असा हिशोब मी जिन्यात केला. शब्बाथला असली वस्तू हातात धरता येते का, ते मी ह्यांना विचारलं नाही. वरून बातम्यांचा आवाज येत होता, आणि आमचे हे पायऱ्या उतरताना माझ्या हाताकडे न बघता चालत होते.