मेमरी भरली आहे

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी मुलीने त्यांचा आवाज मोबाइलवर भरून घेतला होता. बाबा जन्मभर क्रेनच्या केबिनमध्ये एकटे बसलेले, त्यामुळे बोलणं आधीच मोजकं. "पाणी." "नको." "पंखा बंद कर." "हळू." असे शेकडो तुकडे जमले, पण सलग वाक्य म्हणावं असं त्यात फारसं नव्हतंच.

मुलगी ज्या कंपनीत प्रोग्रामर होती, तिथे आवाज गेलेल्यांसाठी तळहाताएवढं यंत्र बनत असे. चित्रावर बोट ठेवलं की त्या माणसाच्याच आवाजात शब्द ऐकू यायचा. तिने मोठ्या हौसेने ते घरी आणलं आणि एकेक तुकडा त्यात भरायला बसली. निम्मेही झाले नव्हते, तोच पडद्यावर अक्षरं आली: मेमरी भरली आहे.

तिने आत डोकावून पाहिलं तर मेमरी बरीचशी रिकामीच होती. यंत्रात दोन कप्पे होते. मोठ्यात आवाज, छोट्यात त्या आवाजांबद्दलची माहिती, म्हणजे कुठला तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि कोणत्या चित्राला जोडलेला आहे. तुकडा लांब असो की एका शब्दाचा, माहितीला जागा तेवढीच लागायची. बाबांच्या बारक्या शब्दांनी छोटा कप्पा तुडुंब भरला होता आणि मोठा नुसता भकास पडून होता. मधली हद्द कायमची आखलेली, इकडची जागा तिकडे देता येत नव्हती.

तिने साहेबांना सांगितलं की हद्द सरकती ठेवू. आवाज एका टोकाकडून भरत येऊ दे, माहिती दुसऱ्या टोकाकडून, मधली जागा ज्याला लागेल त्याची. ती आखणी साहेबांनीच केलेली होती. ते म्हणाले की लोक वाक्यं भरतात, सुटे शब्द कोण भरतं, आणि चालत्या गाडीचं चाक आपण बदलत नाही. तिने आठवड्याच्या मीटिंगमध्ये विषय पुन्हा काढला, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

घरी मग रोजची कटकट सुरू झाली. नवा शब्द हवा तर जुना काढा. आई म्हणे, "'गप्प बस' आधी काढ." बाबा यंत्र छातीशी धरून नकारार्थी मान हलवत. शेवटी तिघांनी मिळून रोज न लागणारे शब्द वगळले. त्यात 'पडली' गेलं. कोण कशाला पडतंय?

आई बाथरूममध्ये घसरून पडली, तेव्हा मुलगी ऑफिसात होती. बाबांचा फोन आला. "ये," यंत्र म्हणालं. मग "आई." मग "पाणी, पाणी." तिला वाटलं, पुन्हा नळ गळतोय आणि आईने फोन करायला लावलंय. हातातलं काम उरकून येते, असं तिने सांगितलं. पलीकडून "ये, ये" चालूच राहिलं. ती पोहोचली तेव्हा आई ओल्या फरशीवर मनगट पोटाशी धरून बसली होती. बाबांनी तिच्या पाठीला उशी लावली होती. रागाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो राग काढायलाही त्यांच्याकडे शब्द नव्हता.

हाडाला तडा गेला होता. हात प्लास्टरमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्यांना, नाही असं नाही. पण शब्दांची मर्यादा पुस्तिकेत छापलेली आहे, असं ते म्हणालेच.

"माझे बाबा पुस्तिका दाखवून मदत मागणार होते का?" तिने विचारलं.

साहेब म्हणाले, पुढच्या मॉडेलमध्ये बघू.

मग तिने सुट्टी टाकली आणि घरीच कामाला बसली. पहिल्या खेपेला हद्द सरकली, पण जुन्या तुकड्यांचे पत्ते एकेक घर पुढे गेले. आईला बघायला आलेल्या शेजारणीसमोर बाबांनी 'बसा'वर बोट ठेवलं आणि यंत्र त्यांच्याच खणखणीत आवाजात म्हणालं, "गप्प बस." शेजारीण चहा न घेता गेली. आई हसता हसता मनगट दुखून कळवळली. मुलीला मात्र रडू यायचं बाकी होतं. तिने सगळं पुसून पुन्हा मांडलं, एकेक शब्द बाबांकडून वाजवून घेतला. या वेळी मोबाइलवरचे सगळे तुकडे मावले. बाबा भराभर बोटं फिरवत सुटले. आईने चपला बाहेर काढल्या नाहीत, फोन उचलला नाही, औषध उशिरा घेतलं, असं साठलेलं सगळं त्यांनी एका दमात बोलून घेतलं.

ती कामावर परतली. टेबलावर तक्रारींचा ढीग होता: मेमरी भरली, मेमरी भरली. छापील उत्तर ठरलेलं होतं, अनावश्यक शब्द काढून टाका. ते तिने एकालाही पाठवलं नाही. 'यंत्र माझ्या नावाने पाठवून द्या, दुरुस्त करून देते' असं तिने प्रत्येकाला कळवलं.

पहिलं पार्सल आलं तेव्हा साहेब नेमके शेजारी उभे होते. पत्ता वाचून ते म्हणाले, "हे परत पाठव. परवानगी नाही याला."

"मग तसं मला लेखी द्या," ती म्हणाली. "मी त्यांना तेच पाठवते, तुमच्या सहीसकट."

साहेबांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग ते आपल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. तिने कात्री घेतली आणि पार्सल फोडलं.