वाकडी पट्टी

मी कॅलिपर बोलतोय, सोनूच्या अशक्त डाव्या पायाला आधार देणारा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा. सोनूला दुखत होतं तेव्हा बोललो ते नुसतं करकर वाटलं, आणि सोनूच्या बाबांनी त्यावर तेल सोडलं!

मला यवतमाळच्या एका कारागिराने घडवलं. आठ वर्षांच्या सोनूचं पाऊल त्याने कागदावर रेखलं, तिला चारदा चालवून पाहिलं आणि माझी बाहेरची पट्टी घोट्यापाशी जराशी वाकवली. "टोचलं तर इकडे घेऊन या," त्याने बजावलं.

सोनूचे बाबा संघदीप म्हणजे बाभुळगावातले नावाजलेले वेल्डर. वर्षभरात सोनूचा पाय वाढला आणि मी टोचू लागलो. तिची आई ममता म्हणाली, "यवतमाळले नेऊ तिले."

"कायले? लोखंडच हाय ना? मले लोखंड शिकवतीन का ते?"

त्यांनी मला ऐरणीवर ठेवलं. "पट्टीच वाकडी हाय, म्हणून टोचून राह्यलं," असं म्हणत तीन घाव घालून ती सरळ केली. मग तुकडा जोडून मला लांब केलं. जोड इतका सफाईदार, की शोधून सापडू नये.

"आता कसं वाटते, सोनू?"

बाबांचा खुललेला चेहरा पाहून पोरगी म्हणाली, "मस्त, बाबा. दुखत नाही."

खोटं! तिचा ओला मोजा मला लागत होता. मोडून पडावं असं वाटे. पण तो संघदीपचा जोड, मोडतो कसला!

चौथ्या दिवशी ममताने मोजा काढला. तो जखमेला चिकटला होता. सोनूला कडेवर घेऊन तिने एसटी गाठली. मला पिशवीत घालून संघदीप मागे धावले.

"पट्टी कोणी सरळ केली?" कारागिराने विचारलं.

"मीच. वाकडी होती."

"वाकडी नव्हती. तिचा घोटा बाहेर येतो, त्याला जागा ठेवली होती." मग जोडावर बोट फिरवून तो म्हणाला, "काम मात्र एक नंबर आहे."

कौतुकाने एरवी फुलणारे संघदीप खाली मान घालून उभे राहिले.

जखम भरायला महिना लागला. सोनूची शाळा बुडाली. आता तिला नवा कॅलिपर आहे आणि मी दुकानामागच्या भंगारात. संघदीपच्या हातांवर माझा राग नाही. एवढे गुणी हात असताना तोंड उघडून विचारलं नाही, त्याचा संताप आहे. तुम्ही तरी हातोडा उचलण्याआधी, ज्याला ते काम कळतं त्याला विचारा.

काल नव्याचा एक स्क्रू ढिला झाला. संघदीपनी कारागिराला फोन लावला, "दादा, मी कसू का, का तिकडे आणू?"

एवढंच तर विचारायचं होतं!