बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. लोखंडाची, वीतभर लांब. थोडी गंजले आहे, पण मोडीत जाण्याइतकी म्हातारी झालेली नाही. उगाच कीव करू नका.

कारखान्यातून मी हार्डवेअरच्या दुकानात आले आणि वर्षभर खोक्यात पडून राहिले. मग बँकेतल्या एका साहेबांनी मला विकत घेतलं. "झोपायच्या खोलीला बाहेरून कडी कशाला?" सुतारकाकांनी विचारलं. "मांजर शिरतं हो," साहेब हसून म्हणाले. काकांनी स्क्रू पिळले आणि ते घरी गेले.

मांजर मी कधी पाहिलं नाही. त्या खोलीत साहेबांची बायको असायची. ती शाळेत गणित शिकवायची, स्वतः कमवायची. साहेब दारू पीत नसत, आवाजही चढवत नसत. शेजाऱ्यांना वाटे, किती सुखी जोडपं! पण जरा मनाविरुद्ध झालं की साहेब तिला आत ढकलत आणि मला सरकवत. "काय घट्ट बसते!" असं माझं कौतुकही करत. त्या कौतुकाची मला लाज वाटते.

एकदा त्यांनी हट्टच धरला. नोकरी सोडल्याचं पत्र लिहून दे, मगच उघडतो. ती काही लिहीना. तीन दिवस झाले. सासूबाई ताट आत ठेवत आणि माझ्याकडे न बघता मला पुन्हा लावत. शाळेतून फोन आला, उद्याही आल्या नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ.

चौथ्या दिवशी साहेब बँकेत गेल्यावर सुतारकाका स्वयंपाकघरातली फळी बसवायला आले. खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

"कोण आहे आत?"

"सून झोपलीय."

"झोपलेल्या माणसाला बाहेरून कडी, मावशी?"

या वेळी सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच मला ओढलं. सुनेला म्हणाल्या, "आधी चप्पल घाल. आणि थेट शाळेत जा, फोन आला होता."

पुढे ती महिलांच्या आधारगृहात राहू लागली. पोलीसबाईंना घेऊन सर्टिफिकेटं न्यायला आली, तेव्हा काकाही आले आणि मला उचकटून घेऊन गेले. आता मी तिच्या तिथल्या खोलीला आहे, आतल्या बाजूने. शेजारी एक नर्स राहते, एक इस्त्रीवाली, एक मोठ्या दुकानाची मालकीण. कुणी गाडीतून आली, कुणी अनवाणी. चारचौघींसारख्याच आहेत सगळ्या. आमटीत मीठ जास्त पडलं की भांडतातसुद्धा.

मित्रांनो, माझी काळजी नका करू, मी लोखंड आहे. पण बंद दाराआड माणूस आहे असं वाटलं, तर थांबा आणि विचारा. मला स्वतःहून सरकता येत नाही.