हाताला बांधलेला चमचा

मला पहिल्यांदा बघणारा माणूस हसतोच. मान एका बाजूला वाकडी, दांड्यावर सायकलच्या हँडलचं जाडजूड काळं रबर आणि त्याला शिवलेला पट्टा. मी चमचा आहे म्हणून सांगावं लागतं. चारचौघांत ठेवलं तर बाकीचे चमचे मला आपल्यात घेणार नाहीत.

कर्नाटकात, मंड्या गावच्या एका रुग्णालयाच्या मागच्या खोलीत मला हे रूप मिळालं. नागरत्ना मॅडमनी पक्कड घेऊन माझी मान वाकवली. दुखलं का, हे काही विचारलं नाही. अर्धांगाच्या झटक्याने, अपघाताने किंवा जन्मापासूनच ज्यांचे हात कामातून गेलेत, त्यांना आपलं आपण जेवता, नेसता, लिहिता यावं यासाठी ही खोली आहे. इथे गोळ्या-इंजेक्शनं नाहीत. इथे बटणं लावायला देतात, कपड्यांचे चिमटे काढायला देतात, माती मळायला देतात.

कोणाला काय द्यायचं हे ठरवणं, हीच मॅडमची विद्या. बोटं भाजलेल्या शिंप्याला त्यांनी चिमटे दिले नाहीत, सरळ कात्री आणि चिंध्या दिल्या. सांधे धरलेल्या एका शिक्षिकेच्या खडूला स्पंज गुंडाळून दिला. मी गेलो अमूल्याकडे. तिचे हात जन्मापासून आखडलेले. शाळेत दुपारी आई भरवायला यायची आणि पोरं तिला "तान्हं बाळ आलं" म्हणून चिडवायची. मला पट्ट्याने हातात अडकवून तिने सांबार-भाताचा पहिला घास घेतला. निम्मा भात फ्रॉकवर सांडला, निम्मा तोंडात गेला. मग दिवसभर तिने मला काढू दिलं नाही. मला वाटलं, आपण म्हणजे साक्षात देव! पुढे तिला मोठा चमचा मिळाला आणि मी कपाटात परत आलो, ताठ मानेने म्हणालो असतो, पण ती सोय मॅडमनी ठेवली नव्हती.

मग आले सिद्देगौडा.

या गौडांना सगळा तालुका ओळखायचा. नाचणीचे गोळे, ज्यांना तिकडे मुद्दे म्हणतात, ते खाण्याच्या शर्यती गावोगाव लागतात आणि गौडा त्यात उतरले की बाकीचे उगाच हात धुऊन बसायचे. तो गोळा चावत नाहीत. बोटांनी तोडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि तसाच गिळायचा. चावणारा दिसला की समजावं, पाहुणा परगावचा. अशा माणसाची उजवी बाजू झटक्याने लुळी पडली. जीभ तेवढी वाचली, गिळणंही वाचलं. वॉर्डात कोणीतरी डाव्या हाताने खा म्हटलं, तर त्यांनी ताट भिरकावलं.

मॅडमनी विचारलं, "गौडा, तुम्हाला काय करता यायला हवं?"

"पोरीचं लग्न आहे. लग्नानंतर बीगर ऊट. व्याह्यांना मटणाचं जेवण आम्हीच घालायचं. मी व्याह्याच्या शेजारी बसणार आणि या हाताने गोळा खाणार. बाकी तुमचं काही नको मला."

मॅडमनी मला खणात टाकलं आणि त्यांच्यापुढे भिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा गोळा ठेवला. तोडा म्हणाल्या. मला हे फाजील लाड वाटले. मी होतो ना! पण खणाच्या फटीतून बघत राहिलो. गौडा घामाघूम व्हायचे, लाळ गळायची, पिठाला आईवरून शिव्या घालायचे. आधी अंगठा हलला, मग त्याच्या शेजारचं बोट. एक दिवस त्यांनी खरंच तुकडा तोडला आणि थरथरत ओठांपर्यंत नेला.

"अहो, कच्चं आहे ते!" मॅडम ओरडल्या.

"तुमच्या कँटीनच्या जेवणापेक्षा बरं असेल," गौडा म्हणाले आणि अर्ध्या तोंडाने हसले.

लग्न जवळ आलं तसा त्यांचा मुलगा शिवरामू खोलीत आला. बसलाही नाही.

"मॅडम, हा पीठ मळायचा खेळ संपणार कधी? घरी एका जेवणाला सकाळची दुपार होते. अर्धं शर्टावर. लग्नघर आहे, माणसं येतात-जातात, बघवत नाही."

"बोटं येताहेत. थोडे दिवस द्या."

"बाहेर सांगतात, त्या शाळेतल्या पोरीला चमचा दिला होतात ना? तोच द्या."

"तिची गरज वेगळी होती."

"भूक ती भूकच, मॅडम. त्यात वेगळं काय असतं?"

"मला नको तो," सिद्देगौडा म्हणाले. "रामू, मला नको."

"अप्पा, तुम्ही गप्प बसा."

बाहेर बाकावर माणसं दाटीने बसली होती. एक बाई आत डोकावून गेली, दुसरी डोकावली. मॅडमनी खण उघडला. "तोपर्यंत हा वापरा. पण पिठाचा सराव सोडू नका," म्हणाल्या. त्या दिवशी मॅडमनी निवड केली ती शिवरामूसाठी. गौडांसाठी त्यांनी काहीच निवडलं नाही.

घरी मी फार लवकर लोकप्रिय झालो. पट्टा आवळला की भात झटपट आत जायचा आणि सून भांडी घासायला मोकळी. पिठाचा गोळा तिने दोन-चार दिवस दिला, मग कोंबड्यांना घातला. हलायला लागलेली बोटं माझ्या जाड दांड्याभोवती मिटली आणि उघडायचं विसरत गेली. मला ते कळत होतं. अमूल्याच्या हातात मी जसा होतो तसाच होतो, जराही वाईट नव्हतो, आणि तरी त्या हाताचं वाटोळं मीच करत होतो.

बीगर ऊटच्या दिवशी मांडवात रश्श्याचा घमघमाट सुटला होता. गौडांनी नवं पांढरं धोतर नेसलं होतं. शिवरामूने मला बाहेर काढलं तेव्हा ते म्हणाले, "आज चमचा नको. हळूहळू खाईन. पंगत उठली तरी बसून खाईन."

"पाहुण्यांसमोर रस्सा गाळत बसणार? माझी अब्रू काढणार?" शिवरामूने मला त्यांच्या मुठीत कोंबलं आणि पट्टा करकचून बांधला.

शेजारी नवे व्याही, बोरेगौडा. केळीच्या पानावर वाफाळता गोळा पडला. सिद्देगौडांनी मला त्यात खुपसलं. गोळा भातासारखा सुटा नसतो. तो मला चिकटला, सुटेना. त्यांनी हात झटकला, पुन्हा झटकला, आणि रश्श्यात माखलेला लगदा उडून बोरेगौडांच्या छातीवर बसला.

आधी बोरेगौडाच खो-खो हसले. "काय व्याही! शर्यती जिंकणारे तुम्हीच ना? की आम्हाला दुसराच कोणी दाखवून सोयरीक केलीत?"

आख्खी पंगत हसली. कोणीतरी मोबाईल काढला. समोर वाढायला उभी असलेली नवरी, पवित्रा, तीही हसली. बापाकडे बघून नाही, सासऱ्याकडे बघून. सासरा हसत होता, तिला आता त्याच घरात नांदायचं होतं.

सिद्देगौडा मला सोडायला बघत होते. सुटायला मी काही हातात धरलेला नव्हतो, बांधलेला होतो. शिवरामू धावत आला, त्यांचा हात मांडीवर दाबून धरला, दुसऱ्या हाताने गोळा तोडला, बुडवला आणि म्हणाला, "अप्पा, आ करा."

त्यांनी तोंड घट्ट मिटलं. मोबाईल तसाच रोखलेला होता. "आ करा म्हणतो ना! किती शोभा करायची?"

त्यांनी तोंड उघडलं. घास गिळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंगत उठल्यावर पट्टा सोडला तरी मी हातातच राहिलो. बोटं एकेक करून उचकटावी लागली.

काही दिवसांनी शिवरामूने मला मॅडमच्या टेबलावर आणून ठेवलं. आता मी पुन्हा कपाटात आहे, सगळ्यांत पुढे, सहज हाताला लागेन असा. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. मला उचलण्याआधी ज्याच्या हातात देणार त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर मला खाली ठेवा. माझ्यामुळे कोणी जेवायला लागलं की तुम्हाला बरं वाटतं, दार मोकळं होतं, पुढचा माणूस आत येतो. तेवढ्यासाठी मला कोणाला बांधू नका.

मला परत आणून ठेवलं त्या दिवशी मॅडमनी शिवरामूला विचारलं होतं, "चमचा परत का? आणि सराव? त्यांना घेऊन या ना, अजून हात येईल."

"कशाला, मॅडम?" तो अगदी समाधानाने म्हणाला. "आम्हीच भरवतो आता. अप्पा मुळीच त्रास देत नाहीत. ताटाचा आवाज आला की डोळे मिटून तोंड उघडतात."