गिळलेला फटका

पावणेपाच वाजून गेले तरी बोरस्ते साहेब फोनवरच होते. गोल्फ क्लबाच्या ऑफिसातल्या टेबलावर दोन कार्डं पडली होती. एक मीनाच्या खेळाचं, साहेबांनी लिहिलेलं. दुसरं साहेबांच्या खेळाचं, मीनाने लिहिलेलं. अधिकृत खेळात आपले फटके आपण लिहायचे नसतात, सोबत्याने लिहायचे आणि शेवटी दोघांनी दोन्ही कार्डांवर सह्या करायच्या, असा नियम. साहेबांची सही अजून व्हायची होती आणि पाचाला ऑफिसातला कारकून कुंदन संगणक बंद करणार होता.

मीना गावित पेठकडची. आठ वर्षांपूर्वी लावणी आटोपून कामाच्या शोधात नाशिकला आली आणि या क्लबात कॅडी झाली. मेंबरांच्या बॅगा खांद्यावर वाहायच्या, चेंडू शोधायचे, कार्ड लिहायचं. सोमवारी मैदान रिकामं असे, तेव्हा जुन्या काठ्या घेऊन ती स्वतः खेळायला लागली, आणि अशी खेळायला लागली की बॅगांच्या मालकांनी बघून मान खाली घालावी. आता राष्ट्रीय गोल्फ संघटनेने प्रशिक्षकांचा वर्ग काढला होता. अट एकच: अधिकृत हँडिकॅप दहाच्या वर नको. हँडिकॅप म्हणजे तुम्ही साधारण किती फटके जास्त घेता त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला. तो मिळवायला सभासद व्हायचं आणि तीन कार्डं भरायची. मीनाची दोन भरून झाली होती. हे तिसरं. कुंदनने आधीच गणित मांडून सांगितलं होतं, "ब्याऐंशी आले तर बसतेस. त्र्याऐंशी आले तर पुढच्या वर्षी." अर्जाची मुदत आज पाचपर्यंत.

खेळताना तिने स्वतःची बेरीज केलीच नाही. बेरीज केली की हात थरथरतो, हे तिने मेंबरांना बघून शिकून घेतलं होतं. शेवटच्या होलवर साहेबांनीच बेरीज करून आरोळी ठोकली, "ब्याऐंशी! पोरी, जिंकलीस की!"

नवनाथराव बोरस्ते दिंडोरीचे, द्राक्षांचे निर्यातदार. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. गेली दहा वर्षं ते सगळ्यांना सांगत आले होते की आपला खेळ सोळाचा. पण क्लबाने नवा नियम काढला, अधिकृत आकडा नसेल तर रविवारच्या स्पर्धेत जागा नाही. झालं, साहेबही संघटनेचे सभासद झाले. पुण्याच्या अनोळखी पाहुण्यांबरोबर खेळलेली त्यांची पहिली दोन कार्डं शंभराच्या वर गेली. त्याचं खापर त्यांनी कंबरेवर फोडलं. आज मीना सोबत होती आणि शहाण्णव झाले होते, तरी साहेबांची कुरकुर चालूच होती. "रोज अठ्ठ्याऐंशीत येतो मी. आज काय बिनसलंय कोणास ठाऊक!"

काय बिनसलंय ते मीनाला पक्कं ठाऊक होतं. कॅडी लोकांची एक रीत आहे, साहेबाचा फटका गिळायचा. झुडपात दोनदा काठी फिरली तर एकदाच धरायची. सहा झाले तर पाच लिहायचे. कोणी साहेब तसं मागत नाही आणि कोणी परतही करत नाही. साहेब खूश तर दिवस बरा जातो. आज मात्र ती नियमाची साक्षीदार होती, म्हणून दात आवळून प्रत्येक फटका जसाच्या तसा लिहीत आली होती.

तरी एकदा खात्री म्हणून तिने साहेबांचं कार्ड पुन्हा वाचलं. चौदावा होल: पाच. तिने बोटांवर मोजलं. सुरुवातीचा एक, बाभळीखाली दोन, वाळूतून बाहेर एक, मग हिरवळीवर दोन. सहा! हाताने आठ वर्षांच्या सवयीने एक गिळून टाकला होता, तिला न विचारता.

आता सांगायचं? साहेबांचा राग तिने पाहिला होता. एकदा चेंडू शोधायला उशीर झाला म्हणून गेणू कॅडीला त्यांनी महिनाभर जवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि तिच्या कार्डावर त्यांची सही नव्हती. मग मीनाने मनाशी ठरवलं, आधी सही होऊ दे, मग सांगू. ठरवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण ती गप्प बसली.

साहेबांनी फोन ठेवला, दोन्ही कार्डांवर झोकात सह्या ठोकल्या आणि तिचं कार्ड पुढे सरकवलं. "घे. हो मास्तरीण."

मीनाने सहीसाठी पेन टेकवलं आणि नजर आकड्यांवरून फिरली. अकरावा होल: चार. पेन तिथंच थांबलं. अकराव्यावर चेंडू होलच्या कडेला, अर्ध्या वितेवर राहिला होता. साहेब म्हणाले होते, "झालंच ते." तिने तो हलकेच आत ढकलला होता. तो पाचवा.

"साहेब, अकराव्यावर माझे पाच हायेत."

"अगं, दिला मी तुला तो! एवढासा तर होता."

आठ वर्षांत तिच्यासाठी कोणी फटका गिळला नव्हता. आज पहिल्यांदाच गिळला, आणि तोच नेमका ब्याऐंशी आणि त्र्याऐंशीच्या मधला. घड्याळात पाचला सात मिनिटं होती. सही करायची, कार्ड द्यायचं, बस. कुंदनला कळणार नव्हतं, दिल्लीच्या संघटनेला तर नाहीच. तिला तो वर्ग हवा होता. इतका हवा होता की डोळ्यांत पाणी आलं. पण उद्या दहा जणांना शिकवायला उभी राहिली तर पहिल्या दिवशी नियम कुठला सांगणार होती ती?

"अकराव्यावर पाच," ती म्हणाली. "आन् चौदाव्यावर तुमचे सहा. मी एक गिळला, पाच लिवले. चूक माझी."

साहेब लाल झाले. "वेडी हे का तू? सही केलीय मी. आता खाडाखोड नाय करणार!"

खाडाखोडीशेजारी त्यांची सही नसेल, तर तिचं कार्डच बाद. त्र्याऐंशीसुद्धा हातचे जाणार.

"मीना, पाच मिनिटं," कुंदन म्हणाला.

मीना उभीच राहिली. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे. आवाज एकदम उतरला.

"रोज किती गिळायची गं माझे?"

खोटं बोलायला हीच वेळ सोयीची होती.

"सात-आठ," ती म्हणाली. "सगळेच गिळत्यात, साहेब."

साहेबांनी पेन ओढलं, पाचाचे सहा केले, चाराचे पाच केले, दोन्हीकडे सही केली आणि मीनाकडे न बघता निघून गेले. मीनानेही दोन्ही कार्डांवर सही केली आणि कुंदनने आकडे भरले. साहेबांचा हँडिकॅप आला चोवीस. मीनाचा दहा पूर्णांक तीन दशांश.

"तीन दशांशाने गं," कुंदन हळहळला. मीना पाण्याच्या टाकीमागे जाऊन पोटभर रडली.

रविवारी कॅडींच्या बाकावर ती एकटी उरली. गोष्ट क्लबभर झाली होती. "ही नको, ही सगळे मोजते," असं एका मेंबराने तोंडावर सांगितलं. नऊ वाजता बोरस्ते साहेब आले. मागे त्यांचे तीन दोस्त, चोवीसवरून त्यांची टर उडवत. साहेब बाकापाशी थांबले.

"मीना, बॅग घे."

पहिल्याच होलवर साहेब झाडीत गेले, वाळूत गेले, घामाघूम होऊन एकदाचे होलपाशी पोचले.

"किती झाले?"

"सात, साहेब."

दोस्त खो खो हसले. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"लिही सात," ते म्हणाले. "आणि आजपासून ह्या तिघांचेपण तूच मोज."

तिघांचं हसू जागच्या जागी थांबलं. मीनाने बॅगेच्या खिशातून आणखी तीन कोरी कार्डं काढली आणि पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं.