बाईंची क्रियापदं

बाईंनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "अप्रो." बंद केली. "क्युदो." पुन्हा उघडली.

वाऱ्याने यजमानांच्या हातातला पेपर विस्कटला.

"एकदा काय ते ठरव," ते म्हणाले. "बिजागरी माझ्याआधी जाईल."

"उघडते, बंद करते. आज ही दोनच आहेत."

बाईंनी उभा जन्म बालवाडी चालवली होती. 'बस' म्हणताना बसायचं, 'ऊठ' म्हणताना उठायचं, त्याशिवाय शब्द पोरांच्या अंगात मुरत नाही, हे त्यांचं ठाम मत. आता तीच रीत त्यांनी स्वतःला लावली होती. पाणी पितानासुद्धा "बेव्हो". यजमान शेजाऱ्यांना सांगत, आमच्याकडे सध्या भांडीही इटालियनमध्ये आपटतात.

हे सगळं नातीसाठी. चार वर्षांची ती पोर परदेशीच जन्मलेली, बापाचीच भाषा बोलायची. दर रविवारी फोनच्या पडद्यावर आजी बोलायची, लेक त्याचं इटालियन करायची. नात बोलली की लेक मराठीत सांगायची. आजी, तुझी आठवण येते. आजी, तू कधी येणार? बाईंना ते गोड वाटे आणि सलेही. आपल्याच नातीशी बोलायला मध्ये वकील कशाला?

लेकीने परोपरीने समजावलं होतं. या वयात डोक्याला ताप नको, मी आहे ना सांगायला. शेवटी तर ती चिडलीच. का, ते बाईंना उमगलं नाही, पण त्यांनी हट्टही सोडला नाही.

त्या रविवारी नात तोंड फुगवूनच पडद्यावर आली. आईचा हात झटकून फणकाऱ्याने काहीतरी बोलली आणि दाराकडे निघाली. त्यातलं "वोल्यो जोकारे" बाईंनी अचूक टिपलं. मला खेळायचंय.

"म्हणते, आजीची फार आठवण येते," लेक म्हणाली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. लेक हसत होती, पण तिची नजर ठरत नव्हती. म्हणजे आजवरच्या त्या सगळ्या आठवणी... बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

मग मान ताठ करून नातीला म्हणाल्या, "वाय. जोका." जा, खेळ.

पोर दारातच थबकली. तिने आधी आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. धावत परत आली आणि आजीला दाखवायला म्हणून एक उडी मारली.

"साल्तो!"

बाई खुर्चीचे हात धरून उठल्या.

"अगं, गुडघे," यजमान पुटपुटले.

बाईंनी उडी मारली. वीतभरही नसेल. "साल्तो."

नात खिदळली, नाक पडद्याला टेकवून भराभर बोलू लागली. त्यातलं निम्मं बाईंच्या डोक्यावरून गेलं.

"आई, ती म्हणतेय..."

"तू थांब," बाई म्हणाल्या. "हाताची घडी, तोंडावर बोट."

लेक त्यांच्याच बालवाडीत शिकलेली. तिचं बोट आपसूक ओठांवर गेलं.

"हिचं झालं की तू बस," बाई हलकेच म्हणाल्या. "तुला येते ती आठवण तुझ्याच नावाने ऐकायचीय मला."

लेकीने मान हलवली. बोट तसंच होतं.