ही पेटी कोणाची?

ड्रम कोर म्हणजे काय, हे आपल्या माणसांना समजावून सांगायचा नाद मी सोडून दिला आहे. लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या मित्रमंडळींत कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे वरातीतला बँड का हो, सतीशराव?" आणि माझं डोकं फिरतं. इथे साठ-सत्तर मुलं फुटबॉलच्या मैदानावर पितळी हॉर्न आणि ड्रम घेऊन उतरतात. वाजवता वाजवता तिरकी चालतात, उलटी चालतात, आणि वरून पाहिलं तर त्यांच्या रांगांची वर्तुळं होतात, पंखे होतात, मोडतात, पुन्हा जुळतात. सगळं आठाच्या मोजणीवर. आठ काउंटमध्ये पाच यार्ड, ना कमी ना जास्त. एक जण अर्धं पाऊल चुकला तरी आकार बिघडतो आणि परीक्षक ते टिपतात. मला स्वतःला एक सूर काढता येत नाही. पण बारा वर्षांत उन्हाळ्यातला एकही शो मी चुकवलेला नाही, आणि कोणत्या वर्षी कोणाला किती गुण पडले ते मी झोपेतसुद्धा सांगेन. "एवढं डोकं ऑफिसात चालवलं असतंत तर," असं मीनल, माझी बायको, म्हणते आणि वाक्य अर्धं सोडते.

आमचा कुश एकोणीस वर्षांचा, ग्रे हेरन्स नावाच्या कोरमध्ये कॉन्ट्रा वाजवायचा. कॉन्ट्रा म्हणजे खांद्यावर घेऊन वाजवायचा सगळ्यात मोठा, खर्जातला हॉर्न. पेटीत घातला की लहान फ्रिजएवढा होतो. एरवी हे हॉर्न कोरच्या ट्रकमध्येच राहतात. पण एकदा तरी जवळून बघू दे, हात लावू दे, म्हणून मीच त्याच्यामागे भुणभुण लावली आणि २००५ च्या जुलैत त्याने तो आठवडाभरासाठी घरी आणला. हौस माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

सात जुलैला लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि बसमध्ये बॉम्ब फुटले होते. एकवीसला चार जणांनी पुन्हा तसाच प्रयत्न केला, ते बॉम्ब फुटले नाहीत. आणि बावीसला, शुक्रवारी सकाळी, पोलिसांनी ट्यूबच्या डब्यात एका तरुणाला बॉम्बवाला समजून गोळ्या घातल्या. त्याच संध्याकाळी कुश बेसिंगस्टोकला निघणार होता. शनिवारभर सराव, रविवारी दुपारी शो. आमची गाडी गॅरेजमध्ये पडलेली.

कुश दारात उभा होता. सावळा, दाढी वाढलेली, पाठीवर सॅक आणि हातात ती अजस्र काळी पेटी.

"ही पेटी घेऊन तू जायचं नाहीस," मी म्हणालो.

"बाबा, इट्स अ हॉर्न."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. बंदूकवाल्याला माहीत आहे का?"

"मग माझा हॉर्न कसं येणार? वी ओन्ली हॅव सिक्स कॉन्ट्राज. मी नसलो तर होल शेप जातो."

"मी आणतो रविवारी. चोपन्न वर्षांच्या टकल्याकडे कोण बघतंय?"

"प्रॉमिस? आणि बाबा, सोडायचा नाही हां. डोन्ट लेट गो ऑफ इट. आमचा फर्स्ट रूल आहे. हॉर्न एकटा ठेवायचा नाही."

मी हो म्हणालो. तो सॅक काढून ठेवून, कपडे साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन गेला. तेही मीच करायला लावलं.

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, मारला गेलेला तरुण निर्दोष होता. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. मीनल उठून आत गेली आणि तिने कुशला फोन लावला, उगाचच, जेवलास का विचारायला.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, टाय लावला. मोठ्या कागदावर 'संगीत वाद्य' असं इंग्रजीत लिहून तो पेटीवर चिकटवला. मग लांबून पाहिलं आणि मनात आलं, ज्याच्याकडे खरंच वाद्य आहे तो असं लिहील कशाला? कागद ओढून काढला, तर त्याच्याबरोबर खालचं कोरचं स्टिकरही निम्मं निघालं. त्यावर हेरनचं, म्हणजे बगळ्याचं चित्र होतं, कोरचं नाव आणि कुशचा नंबर, चार. अर्धवट फाटलेलं स्टिकर जास्तच संशयास्पद दिसत होतं, म्हणून तेही पुरतं सोलून शर्टाच्या खिशात ठेवलं. आता पेटी नुसती काळी होती.

मग देवापुढे जाऊन मी कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. एरवी मी दिवाळीलाही लावत नाही. ते देवासाठी नव्हतंच. लोकांनी मला 'त्यांच्यातला' समजू नये म्हणून होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी ते पुसलं नाही. फार्मसीत ड्यूटीवर निघालेल्या मीनलने ते पाहिलं आणि चपला घातल्या.

ट्यूब टाळायची म्हणून मी लंडनच्या कडेने जाणारी गाडी धरली. एका जंक्शनला ती बदलायची होती. डब्यात शिरलो तेव्हा पेटी दाराला आपटली आणि सगळ्या माना वर झाल्या. समोरच्या बाईने आधी पेटी पाहिली, मग मला, मग माझं कपाळ. पुढच्या स्टेशनला ती मुलाचा हात धरून उठली. उतरली नाही, फक्त पलीकडच्या डब्यात गेली. मी हसून पाहिलं होतं तिच्याकडे. आता वाटतं, हसायला नको होतं.

मला घाम फुटला. घाम आलेला माणूस कसा दिसतो याचा विचार करून आणखी घाम फुटला. रुमाल काढावा म्हटलं, तर खिशात हात घालायची भीती. शेवटी मी मोजायला लागलो, एक ते आठ, एक ते आठ, हेरन्सच्या शोच्या सुरुवातीच्या चालीवर. बोटं पेटीवर हलताहेत हे लक्षात आल्यावर तीही मुठीत धरली. इतकी वर्षं मी या ठेक्याने खूश होत आलो होतो. त्या दिवशी तो माझ्या कानशिलात वाजत होता.

जंक्शनला उतरलो. पुढच्या गाडीला बावीस मिनिटं होती. बाकाजवळ पेटी उभी करून तिचं हँडल धरून उभा राहिलो, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला ते दोघे दिसले. अंगावर जाड जाकिटं, छातीशी बंदुका. ते सावकाश बोलत, इकडेतिकडे बघत माझ्या दिशेने येत होते.

तिथे उभं राहायचं होतं, बस. "गुड मॉर्निंग, हा माझ्या मुलाचा हॉर्न," एवढं म्हणायचं होतं, झाकण उघडून दाखवायचं होतं. पण झाकण उघडायला वाकलो तर? पेटीचा खटका दाबला तर? त्यांना काय वाटेल? हे सगळं डोक्यात चालू असताना माझा हात हँडलवरून सुटलेला होता. मी पळालो नाही, पळायचं नाही हे मला नीट ठाऊक होतं. अगदी सहज, चहाची तलफ आलेल्या माणसासारखा मी चहाच्या स्टॉलकडे चालत गेलो आणि रांगेत उभा राहिलो. दोनच मिनिटं, म्हटलं. ते पुढे गेले की परत येतो.

ते पुढे गेले नाहीत. बाकाजवळ थांबले. एकाने पेटीभोवती चक्कर मारली आणि मोठ्याने विचारलं, "हूज केस इज दिस?"

मी ऐकलं. माझ्यापासून ती पेटी वीस पावलांवर होती.

"डज दिस केस बिलाँग टू एनीवन?" त्याने पुन्हा विचारलं. आवाज तरुण होता, आणि खरं सांगतो, त्यातही भीती होती. त्याने रांगेकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

मग शिट्ट्या झाल्या, घोषणा झाली, सगळ्यांना बाहेर काढलं. मी गर्दीबरोबर जिना उतरलो, रस्त्यावर पोलिसांनी बांधलेल्या पट्टीच्या अलीकडे उभा राहिलो. तेव्हाही बोलता आलं असतं. पण आता बोललो तर विचारतील, आधी का बोलला नाहीत? पाच मिनिटांनी ते आणखी अवघड झालं, वीस मिनिटांनी अशक्य. शेजारी एक बाई रडत होती. तिला कोणीतरी सांगत होतं की काळजी करू नका, रोबो मागवला आहे, पेटी आहे तिथेच उडवून देतील. ती रडत होती ती माझ्यामुळे. मी तिला माझा रुमाल दिला.

पाऊण तासाने आवाज आला. फार मोठा नव्हता, जड दार आपटावं इतकाच. लोकांनी श्वास सोडला.

बेसिंगस्टोकच्या मैदानावर पोचलो तेव्हा शोला पंचवीस मिनिटं होती. कुश गणवेशात, टोपी काखेत धरून फाटकाशीच उभा होता. माझे रिकामे हात पाहून तो धावत आला.

"बाबा! कुठे होतास? फोन का उचलत नाहीस? आर यू ओके?"

"पोलिसांनी..." मी म्हणालो. "पेटी उडवली त्यांनी."

"व्हॉट? पण तू सांगितलंस ना, तुझी आहे म्हणून?"

"सांगितलं," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. कुशचा चेहरा बघता बघता लाल झाला. हॉर्न गेल्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याने माझे दंड चाचपले, लहान मूल पडल्यावर आपण चाचपतो तसे. "दे डिडन्ट हर्ट यू?" असं दोनदा विचारलं. मग ड्रम सुरू झाले आणि त्याला जावं लागलं.

मी वरच्या बाकावर, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. कोर मैदानात आला. पाच कॉन्ट्रा खांद्यावर चढले, आणि सहाव्या जागी कुशने रिकामे हात वर केले, हॉर्न धरल्यासारखे, कोपरं काटकोनात. आकार मोडू नये म्हणून. अकरा मिनिटं तो तसाच चालला, उलटा, तिरका, एकही पाऊल न चुकता. बाकीचे लोक पंखा उघडलेला बघत होते, टाळ्या वाजवत होते. मला त्या दोन हातांमधली हवाच दिसत होती. नेहमी मी मोजतो. त्या दिवशी नाही मोजलं.

शो संपल्यावर तो घामाने निथळत वर आला आणि त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. डोळे चमकत होते.

"पुढच्या वीकला स्पेअर हॉर्न मिळणार आहे. मीच नेणार, बाबा. ट्यूबने. राइट थ्रू लंडन. दाढी पण ठेवणार. तू उभा राहिलास ना त्यांच्यासमोर? तू नाही घाबरलास. मग मी का घाबरू?"

ज्याच्या जिवाच्या भीतीने मी हे सगळं केलं होतं तो आता माझ्यासमोर उभा राहून हसत होता, आणि त्याला मीच एका शब्दाने धीट केलं होतं. मी खिशातून ते स्टिकर काढलं. घामाने ओलं झालं होतं, तरी बगळा आणि चार आकडा दिसत होता.

"हे मी घरीच काढलं होतं," मी म्हणालो. "आणि कुश, मी सांगितलं नाही. ते विचारत होते, ही पेटी कोणाची. दोनदा विचारलं. मी चहाच्या रांगेत उभा होतो."

त्याने माझ्या खांद्यांवरचे हात काढले. स्टिकर घेतलं, बोटाने त्याच्या कडा सरळ केल्या. खाली मैदानावर पुढचा कोर उतरत होता. तो रागावेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "मी असतो तिकडे, पेटीच्या बाजूला... तर तू सांगितला असतास? की हा माझा आहे?"

"अरे, म्हणजे काय! सांगितलंच असतं," मी म्हणालो.

पण त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर, यांच्यामध्ये आठ काउंट गेले होते. खाली ड्रमवर ते वाजत होते, आणि आम्ही दोघांनीही ते मोजले होते.